रेवाने निवडलेलं होकायंत्र

पलीकडच्या काठावरच्या सुपडूभाऊंचा फोन सकाळी सव्वाआठला आला आणि मी त्यांच्यावरच रागावले. बाहेर धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती, आबा सातच्या आधी बोट घेऊन गेले होते आणि मी चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होते. "अक्का, तुम्ही या," एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, "मी कुठे येऊ या धुक्यात? त्यांनाच म्हणावं, या आता, भाकरी निवते आहे." मग ते म्हणाले, "पुतण्याले द्या फोन." मी विजयच्या हातात फोन दिला आणि तव्यावरची भाकरी उलटली. विजयचा चेहरा मला दिसत होता. तरी ती भाकरी मी दोन्ही बाजूंनी नीट भाजली, फडक्यात गुंडाळली, विस्तव विझवला, हात धुतले. रेवा, ईशान, तुमचे आबा गेल्याचं मला समजलं होतं की नव्हतं, हे मला आज सात आठवड्यांनंतरही सांगता येत नाही. ती भाकरी मात्र करपली नव्हती, हे पक्कं आठवतं.

तुमचे बाबा एकटे आले आणि तेराव्यानंतर परत गेले. तुम्हाला जे कळलं ते फोनवरून, तुकड्यातुकड्यांत. मी तीस वर्षं जळगावात इंग्रजी शिकवलं, आणि मुलींना सांगत आले की गोष्ट पहिल्यापासून सांगावी, मधून नाही. तशीच सांगते.

पाटबंधारे खात्यात आबांनी सगळी नोकरी पाणी मोजण्यात घालवली, पण पाण्यावर ते कधी गेले नव्हते. पंच्याहत्तरी झाली त्या उन्हाळ्यात आम्ही तुमच्याकडे टोरांटोला आलो. रेवाने त्यांना तलावावर शिडाच्या होडीत बसवलं आणि ते परत आले ते वेगळेच होऊन. मुक्ताईनगरजवळ विजयची केळीची बाग अगदी फुगवट्याला लागून आहे. धरणाचं पाणी तापीत मागे जिथे पसरतं, तिथे समुद्र वाटावा इतकं रुंद पात्र होतं. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत आम्ही त्याच बागेतल्या दोन खोल्यांत राहायला जातो. तिथे आबांनी मिस्त्रीला बसवून बारा फुटांची लाकडी बोट करून घेतली, मधोमध डोलकाठी आणि पांढरं शीड. बागेतले मजूर काम टाकून बघायला यायचे. धुळ्याहून माझी थोरली बहीण आली, ती म्हणाली, "भाऊजी, या वयात माणसं देवाचं नाव घेतात." आबा म्हणाले, "घेतो ना. वारा पडला की घेतो."

पहिल्याच थंडीत ते धुक्यात सापडले. वारा नाही, काठ नाही, दोन तास वल्ही मारत एकाच जागी गोल गोल फिरले. एरवी उत्तरेला सातपुडा दिसतो, म्हणून कोणी दिशा विचारत नाही. धुक्यात सातपुडाच नाहीसा झाला. आले तेव्हा हसत होते. त्या दिवशी मी दोन अटी घातल्या. बोटीत होकायंत्र पाहिजे, आणि पात्र ओलांडून पलीकडच्या काठाला जायचं नाही. दोन्ही त्यांनी मान्य केल्या.

होकायंत्र निवडायला आम्हाला दीड महिना लागला. रेवा, तुला ते फोन आठवत असतील. मी वहीत रकाने आखले होते: चष्म्याशिवाय आकडे वाचता येतात का, आतली तबकडी बोट हलली तरी स्थिर राहते का, बसवायला सोपं आहे का. आबांचा जीव एका पितळी होकायंत्रावर जडला होता. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेलं, लाकडी पेटीत, झाकणाला बिजागरी. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि तू म्हणालीस, "आबा, हे शोकेसमध्ये ठेवायचं आहे. याच्यात तेल नाही. लाट आली की तबकडी भोवऱ्यासारखी फिरणार."

"लाट कुठली तापीत?"

"मग होकायंत्र कशाला?"

आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "ही आता आपल्या घराची कार्यकारी अभियंता." शेवटी तू निवडलेलंच आलं. काळं, प्लास्टिकचं, आत तेल भरलेलं, मोठ्या पिवळ्या आकड्यांचं, समोर एक पांढरी रेघ. तुमच्या बाबांनी दिवाळीत आणलं. आबांनी ते बोटीच्या पुढच्या फळीवर स्वतः बसवलं. पितळी स्क्रू आणायला ते खास जळगावला जाऊन आले, कारण लोखंड जवळ आलं की होकायंत्र खोटं बोलतं हे तू त्यांना चार वेळा सांगितलं होतंस.

सुपडूभाऊंना ते पलीकडच्या काठावर सापडले. बाभळीच्या बुंध्याला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, पाण्याचा काही संबंध नाही. पण ते पलीकडच्या काठावर होते, आणि तिकडे जायचं नाही असं ठरलेलं होतं. मग अंगणात खुर्च्या मांडून बसलेली माणसं जे म्हणायचं तेच म्हणाली: धुक्यात दिशा चुकली, घाबरले, दम लागला, छातीत आलं. मीही तेच म्हटलं. तुमच्या बाबांनी फोनवर तुमच्या आईला तेच सांगितलं आणि ते रेवाने ऐकलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रेवाचा फोन आला. आधी ती माझ्या औषधांबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, "आजी, मी वाचलं की कॅनडातली होकायंत्रं तिकडे नेली की तबकडी तिरकी बसते. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे. मला हे आधी बघायला हवं होतं... माझ्यामुळे आबांना चुकीची दिशा दिसली का?"

चौदा वर्षांची मुलगी. मी "छे गं, काहीतरीच" म्हणू शकले असते. पण या मुलीला "काहीतरीच" म्हणून गप्प बसवता येत नाही, आणि मलाही खरं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी तपासून सांगते."

दुसऱ्या दिवशी विजयला घेऊन बागेतल्या शेडमध्ये गेले. बोट तिथे आणून ठेवली होती. विजयने होकायंत्र सोडवून दिलं. आबांच्या नोकरीतलं सर्वेक्षणाचं जुनं होकायंत्र माझ्याजवळ होतं. दोन्ही बाहेर उघड्यावर, दगडी ओट्यावर एकाशेजारी एक न ठेवता, कारण ती एकमेकांनाही ओढतात, आळीपाळीने एकाच जागी ठेवली. चार दिशांना तोंड करून चार वेळा वाचलं आणि लिहून घेतलं. रेवाच्या होकायंत्राची तबकडी किंचित कलत होती खरी, पण आकडे जुळत होते, एखाद्या अंशाचा फरक. रेवाचं काही चुकलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की विजयला चहा करायला सांगितला. आणि केवळ माझी शिस्त म्हणून, तपासणी अर्धी राहू नये म्हणून, ते परत बोटीतल्या त्याच जागी ठेवून पाहिलं.

बाहेरच्या आकड्यापेक्षा अठरा अंशांचा फरक.

मी पुन्हा वाचलं. जुनं ठेवून वाचलं. तेही अठरा अंश चुकलं. तेव्हा मी शेडमध्ये जमिनीवरच बसले, कारण त्या फळीच्या मागे काय आहे ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि मिस्त्रीला.

घोड्याची नाल. सारंगखेड्याच्या यात्रेतून माझ्या बहिणीने आणलेली, चालत्या घोड्याच्या पायातून निसटलेली, कारण तीच दृष्ट काढते म्हणतात. आमच्याकडे दारावर लावतात, ट्रॅक्टरवर लावतात. मी या गोष्टी मानत नाही. कॉलेजात मी यावर मुलींची थट्टा केलेली आहे. पण आबा धुक्यातून परत आल्यापासून मला झोप लागत नव्हती, आणि दसऱ्याला बोटीची पूजा होती. ते आंघोळीला गेले असताना मी मिस्त्रीला म्हटलं, "पुढच्या फळीच्या आतून ठोक, दिसता कामा नये." ते हसतील म्हणून लपवली. तेव्हा होकायंत्र यायचं होतं. दिवाळीत ते आलं, नेमकं त्याच फळीवर बसलं, आणि नाल माझ्या ध्यानातही आली नाही... पितळी स्क्रूंसाठी जो माणूस जळगावला गेला, त्याच्या होकायंत्राला मी वीतभर अंतरावर पावशेर लोखंड ठोकून ठेवलं होतं.

रेवाला मी त्या संध्याकाळी सांगितलं की तुझं होकायंत्र बरोबर आहे. ते खरंच होतं. बाकीचं सांगितलं नाही. तुमच्या बाबांनाही नाही. मिस्त्रीला फोन करून म्हटलं, सोमवारी ये आणि ती नाल काढ. पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. घर आवरत होते, कपाटातले शर्ट घडी करत होते, आणि प्रत्येक घडीला मनात एकच: अठरा अंश.

रविवारी सुपडूभाऊ आले. पलीकडच्या काठावर त्यांचं घर आहे, पिढ्यान् पिढ्या मासेमारी. हातात प्लास्टिकची पिशवी होती. "बोटीत होती, अक्का. मी काढी ठेवली. तेराव्याले आनली व्हती, पन घर भरेल व्हतं पाव्हन्याईनं." मी पिशवी बाजूला ठेवली आणि जे सात माणसांना सांगितलं होतं तेच त्यांनाही म्हटलं. धुक्यात दिशा चुकली त्यांची, नाहीतर पलीकडे कशाला गेले असते.

सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "दिशा चुकली असं कोन म्हनलं?"

"मग?"

"ते तं मायाच घरी येत व्हते. बोट बाभळीले बांधेल व्हती, दोन गाठी मारेल. चुकेल मानूस अशी गाठ मारते का?"

मी म्हटलं, तुमच्या घरी कशाला? ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "चहाले. आठवड्यातून दोन-तीन डाव यायचे. साखरेचा."

मधुमेही माणसाला मी सोळा वर्षं बिनसाखरेचा चहा दिला. रागावू की काय करू ते कळेना, कारण रागवायचं ज्याच्यावर तो... आणि मग माझ्या डोक्यात पुन्हा तेच आलं. मी म्हटलं, "पण भाऊ, ते होकायंत्र खोटं होतं. मी तिथे लोखंड ठोकलं होतं."

"नाल ना? मले माहीत हाये."

"तुम्हाला?"

"आबाले बी माहीत व्हती. दिवाई झाल्यावर आठच दिवसात सापडली त्याइले. मी म्हनलं, काढी टाका ना मंग. तं म्हने, सुपडू, ही काढली तं घरात वादळ. त्यापेक्षा अठरा अंश परवडतात." सुपडूभाऊ हसले. "दोन दिवस आमी पान्यात कोनत्या दिशेले किती चुकते तेच पाह्यलं. मी वल्हे मारी मारी बोट फिरवू, आन् ते देऊळ पाहे, टाकी पाहे, पूल पाहे, आन् लिही घे. हात दुखी गेले माये. त्या पिशवीत हाये, पाहा."

पिशवीत शिट्टी होती, दोन लिमलेटच्या गोळ्या, आणि एका लग्नपत्रिकेचा अर्धा कापलेला जाड कागद. आबा कुठलीही पत्रिका टाकून देत नसत, मागची कोरी बाजू कामाला येते म्हणत. त्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या खात्यातल्या सरळ अक्षरात शीर्षक होतं: होकायंत्र, दुरुस्ती तक्ता (नालेसह). खाली आठ दिशा, प्रत्येकीसमोर किती अंश मिळवायचे की वजा करायचे. कुठे चार, कुठे अकरा, एका ठिकाणी अठरा. सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने: सुपडूचा घाट, ३४० दिसले पाहिजे.

त्या सकाळी इतक्या धुक्यात ते ३४० धरून गेले आणि बरोबर त्या बाभळीपाशी लागले. बोट बांधली आणि बसले. छातीत आधीच कळ आली होती म्हणून माणसांच्या दिशेने गेले, की फक्त चहासाठी, हे मला कधी कळणार नाही. वेळेवर कोणी असतं तर, हा विचार आहेच. पण ते चुकले नव्हते. दिवाळीपासून ते रोज माझी नाल बघत बोटीत बसत होते आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही नालेबद्दल बोलले नव्हते, आणि तेही चहाबद्दल. एकावन्न वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले.

रेवा, फोनवर तुला अर्धं सांगितलं होतं, हे बाकीचं अर्धं. मिस्त्रीला मी रविवारीच फोन करून येऊ नको म्हटलं. तुझ्या बाबांनी विचारलंय की होकायंत्र तुला परत पाठवू का. ते तिकडे अगदी बरोबर दिशा दाखवेल, आणि हा पत्रिकेचा कागद निकामी होईल. म्हणून पाठवत नाही. विजयने ते त्याच चार पितळी स्क्रूंवर परत बसवलंय. मी त्या बोटीत कधी बसले नाही. तुम्ही याल तेव्हा बसेन, तू सुकाणू धर, तक्ता मी वाचते.