राणीनं पान्हा चोरला ते तीन दिवस

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही आणि माझ्या गोष्टींवर कुणाचाच विश्वास नाही... म्हणजे आधीच फिट्टंफाट!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम चालतं. "हातात मायक्रॉन आणि तोंडात मैल," असं आमची शोभा म्हणते. रंकाळ्यात गळाला लागलेला वीतभर मासा आमच्या पेठेत पोचेपर्यंत मगरीएवढा होतो, हे मला मान्य आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी काहीही सांगितलं की शोभाचा एकच शेरा असतो — "निम्मं करा." म्हणून हे लिहिलेलं सगळं आधी तिला वाचायला दिलंय. तिनं खोडलं ते खोडलं. उरलंय ते हे.

दोन वर्षांपूर्वी शोभाला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. निघाला तोच चौथ्या स्टेजचा, लिव्हरपर्यंत गेलेला. डॉक्टर मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मुळापासून जाणार नाही. पण केमो वेळेवर झाली तर दाबून ठेवता येईल. आणि केमो सोसायची तर पोटात अन्न टिकलं पाहिजे."

मी छाती फुगवून म्हटलं, "मॅडम, अन्नाचं कोल्हापूरकराला सांगताय व्हय?"

पहिल्या दोन केमो निभावल्या. तिसरीनंतर माझी छाती बसली. पांढरा रस्सा केला — वासानंच उलटी. मऊ भात केला — दोन घास, आणि बाहेर. शोभा म्हणायची, "तोंडात लोखंडाचा कीस धरल्यासारखं वाटतंय." लोखंडाचा कीस मी रोज झाडतो. त्याची चव बायकोच्या तोंडात जाऊन बसावी, म्हणजे काय म्हणायचं? दर दोन दिवसांनी तिला काट्यावर उभी करायचो. काटा एकाच दिशेनं चाललेला. पुढची केमो लांबली तर काय होईल, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

नवव्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "अवो, कट्ट्यावरचं दूध प्यावंसं वाटतंय."

नऊ दिवसांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. तिनं ऐरावत मागितला असता तरी मी सोंडेला धरून आणला असता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेच्या कट्ट्यावर येतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तसाच तोंडाला लावायचा. धारोष्ण! आमचे वडील तालमीतले. सर्दीपासून मोडलेल्या हाडापर्यंत त्यांच्याकडं हे एकच औषध. मी लग्नानंतर शोभालाही इथंच आणून पाजलं होतं.

आता इथं माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हॉस्पिटलनं दिलेला पथ्याचा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. 'कच्चं काही देऊ नये.' मी तो इतका कडक पाळला की घरातली कोशिंबीर, कांदा, टोमॅटो, भाजीवरची कोथिंबीरसुद्धा बंद! पण कट्ट्यावरचं दूध कच्चं असतं, हे डोक्यातच आलं नाही. कासेतून वाफाळत येतं की! कोल्हापुरात कुणालाही विचारा, त्याला कच्चं कोण म्हणेल?

तांब्या घेऊन गंगावेशीतल्या कट्ट्यावर गेलो. दत्तूआण्णा गवळी, माझी आणि त्यांची तीस वर्षांची ओळख. त्यांची राणी म्हणजे अस्सल पंढरपुरी म्हैस, शिंगं तलवारीसारखी खांद्याच्या मागं गेलेली. हिला रेडकू लागत नाही, पेंड लागत नाही. दिवसातून दहा वेळा बसा, दहा वेळा धार.

"बापू, आज तांब्या?" आण्णांनी विचारलं.

"शोभाला न्यायचंय."

आण्णा खाली बसले. दोन मिनिटं, पाच मिनिटं... थेंब नाही. राणीनं पान्हा चोरला! आण्णांचा चेहरा पडला. "हिनं असं कधीच केलं न्हाय ओ." एवढ्यात एक परगावचा माणूस आला. आण्णा म्हणाले, "पावणं, थांबा जरा," आणि त्याचा ग्लास खाली धरला. चर्र चर्र... काठापर्यंत फेस! परत माझा तांब्या धरला. बंद.

मी रिकाम्या हातानं घरी गेलो. शोभा भिंतीकडं तोंड करून पडली. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझ्या तांब्याला दवाखान्याचा वास असेल. म्हणून आण्णांचाच ग्लास घेतला. पहिला भरला, मी पिऊन टाकला. दुसरा खाली धरायला लावला, घरी न्यायचा हे फक्त मनात. तोंडातून शब्द काढला नाही (शोभा म्हणते, यावरच कुणी विश्वास ठेवणार नाही). राणीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आणि धार तुटली.

"दुसऱ्या गवळ्याकडं जायचं," असं तुम्ही म्हणाल. आण्णा समोर बसलेत आणि मी शेजारच्या म्हशीखाली ग्लास धरू? आमच्यात असं करत नाहीत. (इथं मी लिहिलं होतं की राणी हंबरली आणि कट्ट्यावरच्या सगळ्या म्हशी एकदम आटल्या. शोभानं ते खोडलं.)

तिसऱ्या दिवशी मी डाव टाकला. माझ्यासाठी म्हणून ग्लास भरून घेतला, ओठाला लावल्यासारखं केलं आणि हळूच स्कूटरकडं सरकलो. राणीच्या तोंडावरून जावं लागतं. तिनं मान नुसती हलवली. शिंग मला लागलंसुद्धा नाही, पण ग्लास रस्त्यावर! आण्णा उठून उभे राहिले. "बापू, तुमी काय पाप केलंय तिचं?"

"आण्णा, तिलाच विचारा की!"

त्याच दुपारी शोभाचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही हॉस्पिटलात. मी आपला राणीचा किस्सा मॅडमना रंगवून सांगत होतो, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. मॅडम लिहायच्या थांबल्या.

"कच्चं दूध?"

"कच्चं कुठलं मॅडम? गरमच येतं की."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रिपोर्ट माझ्याकडं फिरवला. "यांच्या पांढऱ्या पेशी आज जवळजवळ संपल्यात. अंगात जंतूंशी लढायला कुणी नाही. न उकळलेल्या दुधातून साधा जंतू गेला असता ना, तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचं वाक्य लांबवावंसं वाटलं नाही.

शोभा पाच दिवस ॲडमिट होती. पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली. घरी आणली त्या सकाळी मी तांब्या घेऊन पुन्हा कट्ट्यावर. लाज सोडून राणीच्या कानाशी गेलो आणि म्हटलं, "बाई, चुकलं माझं. खळखळ उकळणार. मगच देणार." बघणारे हसले, हसू देत.

आण्णांनी हात लावला मात्र... तांब्या ओसंडून वाहिला. (शोभा म्हणते, काठापर्यंतच होता. बरं, काठापर्यंत.)

घरी पातेल्यात दोनदा खळखळ उकळलं, कोमट केलं. शोभा अर्धा कप प्यायली. मी घड्याळाकडं बघत बसलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास... टिकलं! ती म्हणाली, "लोखंड लागलं न्हाय." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. हे निम्मं केलेलं नाही. चौथी केमो वेळेवर झाली.

आजार गेलेला नाही. गाठी आक्रसल्यात, औषध चालू आहे, आणि शोभा स्वयंपाकघरातून माझ्यावर ओरडते आहे. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना कळेल, यापेक्षा जास्त मी काय मागू? मॅडमचे उपकार आहेत, इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचे आहेत. आणि एका म्हशीचे आहेत, ज्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

इथवर लिहून काल शोभाला कागद दिला. तिनं चष्मा लावला, पेन घेतलं, खोडाखोड केली. शेवटी म्हणाली, "तीन दिवस लिवलंय तुमी."

"बरं, दोन करतो."

"चार येळा झालं ते."

मी बोटांवर मोजलं. तीनच.

"पहिल्या दिवशी तुमी मोकळं आलासा. मला वाटलं, कुटं तरी गप्पा हाणत बसलासा आणि थाप मारताय. म्हणून सांजच्याला शेजारच्या मंगलवहिनींना किटली देऊन धाडलं. आण्णा नव्हते, त्यांची बायको धार काढत होती. वहिनी कुणासाठी हाय ते बोलल्या न्हाईत, आणि त्यांना तिथं कोण वळखत बी न्हाय. थेंब दिला न्हाय म्हशीनं. मागच्या बाईला मात्र तांब्याभर."

"मग दोन वर्षं गप का बसलीस?"

"तुमी चाराचं चाळीस केलं असतं."

म्हणजे माझ्या हाताचा वास नाही, माझा तांब्या नाही, माझं तोंड नाही. मग राणीला कसं कळलं? या दोन वर्षांत आण्णांना विचारलं, मॅडमना विचारलं, एका जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, म्हशी कधी कधी करतात असं. कधी कधी! आणि एकतीस वर्षांत शोभानं माझ्या गोष्टीत पहिल्यांदाच भर घातली.

उद्या केमो आहे. दर वेळी जाताना वाटेत कट्ट्यावर थांबायचं हे ठरलेलं, शोभा मास्क लावून लांबूनच राणीला बघते. मी म्हटलं, "दोन किलो पेंड घेऊया का तिला?"

शोभा म्हणाली, "पाच घ्या."