भेगांची चित्रं

हिंगणीच्या शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर आमचे शेजारी होते. काहीही बोलण्याआधी ते जरा थांबत, शब्द मनात पेन्सिलीने आखून घेतल्यासारखे. उन्हाळ्यात बोर धरणाचं पाणी ओसरलं की सायकलने काठावर जात आणि दरवर्षी त्याच जागेवरच्या तडकलेल्या गाळाचं चित्र काढत. आधी पट्टीने चौकटी आखत, मग त्यांवर भेगा रंगवत. "गाळ तोच हाय, पन भेग कुठून जाईन हे सांगता येत नाई," असं म्हणत.

ऐंशी सालच्या सुमारास माझ्या ओळखीचे वर्ध्याचे एक डॉक्टर ती चित्रं बघायला आले. नव्या दवाखान्यासाठी त्यांना सगळी हवी होती. एक तेवढं त्यांनी बाजूला सरकवलं. त्या साली पाणी ओसरलंच नव्हतं, म्हणून मास्तरांनी चौकटींवर नुसतं सपाट पाणी रंगवलं होतं.

"हे राहू द्या. यात काहीच नाही," डॉक्टर म्हणाले.

मास्तर थांबले. मग म्हणाले, "त्या साली तसंच झालं नं. न्यायचे तं सगळेच न्या."

डॉक्टर तयार झाले नाहीत. मास्तरांनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं. मला मात्र राहवलं नाही.

"मास्तर, एका चित्रासाठी काऊन अडून बसले तुमी?"

ते चित्रं पुन्हा कपड्यात गुंडाळत होते.

"त्याच चित्राले सगळ्यात जास्त येळ लागला," ते म्हणाले. "अख्खा उन्हाळा रोज जाऊन बसत होतो, पानी उतरन म्हणून."