हलक्या रायफलीची ट्रायल

नेमबाजीच्या क्लबात हलकी रायफल आल्याचं व्हॉट्सॲपवर वाचलं तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाचा हात तसाच पदराला पुसला आणि क्लबच्या सरांना लिहून टाकलं, रविवारी मी येते. मग घरात सांगितलं. क्रम उलटा झाला खरा, पण आधी विचारलं असतं तर उत्तर काय मिळणार हे मला ठाऊक होतं.

"कपडे वाळत घालाले तुह्या खांद्यानं होत नाही," आमचे हे म्हणाले, "आन् बंदूक उचलाले होते?"

"बंदूक नाही, रायफल. आन् हलकी हाये."

हे रेल्वेत, दुर्गला. मी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवते, छताखालच्या केबिनमध्ये बसून. कॉलेजात एनसीसीत होते तेव्हापासून मला पॉइंट टू-टू रायफलीचं वेड. लग्न, पोरं, शिफ्टा, सगळ्यांतून ते तगलं, पण डावा खांदा जाम झाला आणि गाडी अडली. क्रेनचे लिव्हर कमरेशी असतात म्हणून ड्युटी निभली. अंबाडा बांधायला हात वर जाईना, तर मी केसच कापून टाकले. दोरीवर कपडे हे घालायला लागले, आणि प्रत्येक चिमटा लावताना माझ्याकडे असं बघत, जसं काही मीच खांद्याला शिकवून ठेवलंय. फिजिओ म्हणायची, सुटेल हळूहळू, हात हलवत राहा. मी हलवण्यापेक्षा जपतच जास्त होते.

उभं राहून नेम धरताना रायफलीचा भार डाव्या हातावर येतो. क्लबची जुनी रायफल म्हणजे नुसतं धूड. दोनदा उचलून पाहिली, दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवून घरी आले.

म्हणून आमची बोली झाली. रविवारी उभ्यानं पाच गोळ्या झाडता आल्या तर मी खेळणार. नाही जमलं तर माझं नेमबाजीचं जॅकेट क्लबात देऊन टाकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. अट मीच घातली होती, आणि घातल्यावर माझाच जीव टांगणीला लागला. ते जाड कॅनव्हासचं जॅकेट मी हुडकोतल्या शिंप्याकडून कडेनं सैल करून आणलं. मधल्या काळात खांदा सोडून बाकी सगळीकडे माझी प्रगती झाली होती.

रविवारी रिसालीहून स्कूटरवर निघालो तर मी मागून सारखी "जरा जोरात घ्या" म्हणत होते.

"रायफल पळून नाही चालली," हे म्हणाले.

"दुसरं कोणी घेईन ना पयले हातात!"

रेंजवर सरांनी रायफल माझ्या हातात दिली. "पहले वजन देख लो, मैडम." मी घेतली आणि हसूच फुटलं. भरलेली समजून कळशी उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा हात उगाचच वर गेला. बारीक नळी, प्लास्टिकसारखा काळा दस्ता, आणि गोळी एवढीशी की बोटांच्या चिमटीत हरवावी. मला इतका आनंद झाला की दस्ता खांद्याला लावायच्या आधी मी तो गालाला लावून पाहिला.

हे मागच्या बाकावर जॅकेटची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी कानांवर मफ चढवले. पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या कडेला लागली, दुसरी चांगली आत. खांदा कुरकुरत होता, पण ऐकतही होता. तिसरी भरली. अर्धा श्वास सोडला, बोट चापावर नेलं, आणि उजवीकडच्या लेनवरच्या काकांचा हात सरळ वर गेलेला मला दिसला.

मी बोट काढलं, बोल्ट उघडून गोळी बाहेर घेतली, रायफल टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले.

यात विचार वगैरे काही नव्हता. प्लांटच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, खाली माल बांधणाऱ्या खलाशाच्या हाताच्या इशाऱ्यावर क्रेन चालते. माल उचलायचा इशारा त्या एकट्याचाच मानायचा. पण थांबायचा इशारा कुणीही देवो, अगदी चहावाल्यानं दिला तरी लिव्हर सोडायचे, कारण नंतर विचारायचं. इतकी वर्षं हेच केलं, तर कानांवर मफ आणि समोर वर गेलेला हात दिसल्यावर मी दुसरं काय करणार?

सर आधी काकांकडे गेले, मग माझ्याकडे आले. "दर्द हो रहा है?"

"नहीं. रुकने को किसने बोला?"

ते हसायलाच लागले. काकांची गोळी फुटली नव्हती. अशा वेळी नळी निशाणाकडेच ठेवून हात वर करायचा आणि सरांना बोलवायचं, ही इथली रीत. मलाही पाठ होती ती, पण हातापायांना प्लांटचीच रीत पाठ.

यांना मात्र मागे यातलं काही कळलं नव्हतं. बायकोनं रायफल खाली ठेवली, एवढंच दिसलं. मी वळून पाहते तर हे जॅकेटसाठी पिशवी उघडून, चेहरा पाडून, बघ्यांना अडवणारी पिवळी रेघ ओलांडून माझ्याकडे निघालेले. बाकीच्या लेनवर गोळ्या चाललेल्या. ओरडून उपयोग नव्हता. काढलेली गोळी परत ठेवायला उजव्या हातात डबी घेतली होती, म्हणून मी डावा हात वर केला, पंजा उघडा, खाली माणूस आला की क्रेनसाठी करतात तसा.

हे जागच्या जागी थांबले. पण माझ्या तोंडाकडे बघेनात, त्यांची नजर वर होती. तेव्हा मीही वर पाहिलं. हात कानाच्याही वर, सरळ उभा होता. कोपरापर्यंत कळ गेली, तरी मी तो खाली घेतला नाही. मला रडू आलं आणि या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

सरांनी त्यांना रेघेमागे नेलं. मी मफ सरकवून मागे गेले.

"वर गेला ना व," हे म्हणाले.

"कावून उठले तुमी? बसा. तीन राह्यल्या हायेत."

त्यांनी पिशवीची घडी करून बाकाखाली टाकली. राहिलेल्या तीनपैकी एक गोळी पार पांढऱ्यात गेली, पण पाचही उभ्यानंच झाडल्या.

घरी आल्यावर यांनी ओल्या कपड्यांची बादली माझ्यापुढे आणून ठेवली, आणि स्वतः चिमटे हातात घेऊन दोरीपाशी उभे राहिले.