शोभाताईंनी पवनी पाहिली

शोभाताई मेश्राम बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. त्यातली बरीचशी वर्षं नागपूर–लाखांदूर गाडीवर गेली. वाटेत पवनीला गाडी दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात चहा, कंट्रोलरची सही आणि जिजाबाईशी भांडण. जिजाबाई वैनगंगेकाठची वांगी घेऊन चढायची आणि टोपलं नेमकं दारात ठेवायची. पुढे नदीवरचा पूल यायचा, तेव्हा शोभाताई गर्दीत तिकिटं देत असायच्या. पवनीला जुना किल्ला आहे, स्तूपाचे अवशेष आहेत, घाट आहेत, हे त्यांनी प्रवाशांकडूनच ऐकलं होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्या मुलीच्या, नूपुरच्या कारनं लाखांदूरला लग्नाला निघाल्या. पवनीचं स्टँड आलं तशा म्हणाल्या, "थांबव वं गाडी."

"काहून? लग्न साडेअकराचं आहे, आई."

"मले गाव पाहाचं आहे."

स्टँडवर जिजाबाई टोपलं घेऊन उभीच होती. "अवो कंडक्टरबाई! आज ड्रेस नाही?"

"रिटायर झाली मी. घाट कोणीकडं आहे?"

"इतकी वर्षं आल्या अन् आता घाट विचारून राहिल्या?" जिजाबाई पोट धरून हसली. मग कोणी बोलवायच्या आधीच पुढचं दार उघडून बसली, टोपलं मांडीवर. "चाल वं पोरी. बाजारात मी दुपारच्या गाडीनं जाईन."

शोभाताई मुकाट्यानं मागच्या सीटवर गेल्या. किल्ल्याचा दरवाजा दाखवताना जिजाबाईनं कार दोनदा चुकीच्या गल्लीत घालायला लावली आणि दोन्ही वेळा दोष नूपुरला दिला.

घाटावर एक म्हैस आणि धुणं धुणाऱ्या दोन बाया, एवढीच माणसं-जनावरं. समोर नदी पसरलेली. शोभाताई चपला काढून पायऱ्या उतरल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. जरीच्या लुगड्याचा काठ भिजला.

"आई, उशीर होऊन राहिला!"

"होऊ दे. लय मोठी आहे गं नदी," त्या म्हणाल्या. वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. जिजाबाईनं मुद्दाम म्हशीकडं पाहिलं.

जिजाबाईला स्टँडवर सोडून मायलेकी मांडवात पोचल्या तेव्हा वरमाला पडून पंगत बसली होती. नवरीच्या आईनं ओला काठ पाहून विचारलं, "पाणी आलं का वाटेत?"

"नाही, आम्हीच पाण्यात गेलो," शोभाताई म्हणाल्या आणि शेजारच्या बाईला पवनीचा रस्ता समजावत जेवायला बसल्या.