नाड्या

माझे आजोबा बूट घालत नाहीत. फौजेत होते, एकाहत्तरच्या लढाईत पूर्व पाकिस्तानात होते, तरी घरच्या लग्नातसुद्धा चपलाच. जांभूळ गावच्या म्हाताऱ्याचा हट्ट, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

यंदा मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीने सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी काका घरी आले. "आजोबा, त्या दिवशी बूट मस्ट हां. फोटो ग्रुपवर जाणार." मग माझ्याकडे वळले. "आणि परिचय तू वाच. ऑफिसच्या कॉलवर इंग्लिश फाडतेस, दोन मिनिटं मराठीला काय होतंय?"

मला माइकची भीती वाटते. पण आजोबांसमोर नाही म्हणता आलं नाही. दुपारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. गाव, भरती, पलटण, पदक लिहून झालं. मग ते म्हणाले, "आता नाड्यांचं लिव."

"कसल्या नाड्या?"

शरण आलेले अकरा पाकिस्तानी सैनिक त्यांच्या पहाऱ्यात होते. पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या. आजोबांनीच काढल्या, गुंडाळून खिशात ठेवल्या. साहेब ट्रक आणायला गेले आणि तिथलं गाव चालून आलं, कोयते आणि बांबू घेऊन.

"या सैनिकांनी गावातली घरं जालली व्हती. पोरी नेल्या व्हत्या. मी काय बोलनार?"

"तुमच्याकडे बंदूक होती ना?"

"व्हती." ते नखाने गादी खरवडत राहिले. "मी बाजूला झालो, बाय. ते पलाले. पन बूट पायात राहीनात. बूट चिखलात रुतायचा न् मानूस पडायचा."

"सगळे?"

"नाड्या माझ्या खिशातच राहिल्या." मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाचून दाखव लोकांना. मंगच शाल घेईन."

मी सगळं लिहिलं.

सव्वीस तारखेला बाबांनी खाली बसून त्यांच्या पायात नवे काळे बूट चढवले, नाड्या बांधल्या. आजोबांनी घालू दिले. पार्किंगमधल्या मांडवात ते खुर्चीत ताठ बसले होते. मी पदकापर्यंत वाचलं. पान उलटलं. पुढच्या रांगेत छोट्या मुली कागदी झेंडे हलवत होत्या, आई डोळे पुसत होती. माझी नजर आपोआप शेवटच्या ओळीवर गेली. "अशा आजोबांचा आम्हाला अभिमान आहे."

टाळ्या वाजल्या. काकांनीच शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. आजोबांनी ती धरायला हात उचलले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी पाय पुढे केले. मी खाली बसले.

"नाय वाचलंस."

"घाबरले."

"हां," ते म्हणाले. "मी पन."

बाबांनी दुहेरी गाठ मारली होती. सुटायला वेळ लागला.