हुणसूरहून सायकलनं येणारे अण्णा

परवाच्या रविवारी चाळीस किलोमीटर सायकल मारून घरी आले आणि हॉलच्या फरशीवरच आडवी झाले. बूटसुद्धा काढले नव्हते. फॉर्म भरायला संध्याकाळी सहापर्यंतच वेळ होता आणि माझं अजून ठरत नव्हतं...

फॉर्म म्हणजे ट्रायथलॉनचा. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदाच. हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

पर्याय दोन होते. स्प्रिंट म्हणजे साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच पळणं. ऑलिम्पिक म्हणजे सगळंच दुप्पट. ऑफिसातली पोरं म्हणत होती, मॅडम, पहिल्यांदा स्प्रिंटच करा. गुडघाही तेच म्हणत होता.

पण मला ऑलिम्पिकच हवं होतं... त्यातल्या सायकलच्या चाळीस किलोमीटरसाठी.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. माझं लहानपण मंडी मोहल्ल्यात गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, हुणसूरच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की घरी. सायकलवरून! हुणसूर ते म्हैसूर, चाळीसच्या वर किलोमीटर.

मी आणि अक्का गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायचो. आधी घंटी ऐकू यायची, मग घामानं भिजलेला पांढरा शर्ट दिसायचा. शाळेत मी प्रत्येकाला सांगितलं होतं, माझे अण्णा हुणसूरहून सायकलनं येतात. दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतंच आमच्याकडे.

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. एकदा तरी शर्यतीत त्यांच्याएवढं अंतर कापावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी चार महिने प्रत्येक रविवार सायकलवर घालवला.

दुपारी चारला कशीबशी उठले. नवरा आणि लेक जेवून आपापल्या खोलीत गेले होते. अम्मा, म्हणजे माझी आई, एकटीच अवरेच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. तिच्यासमोर लॅपटॉप उघडला, ऑलिम्पिकवर क्लिक केलं आणि म्हटलं, "बघ अम्मा, अण्णांचे चाळीस किलोमीटर!"

अम्मानं मान वर केली. "अय्यो, चाळीस कुठले गे? अर्ध्या वाटेपर्यंत ते बसनंच यायचे. सायकल बसच्या टपावर बांधून. मग मध्येच उतरून सायकलनं घरी. अष्टे!"

अम्माचं 'अष्टे', म्हणजे 'एवढंच', आलं की विषय संपतो. माझा मात्र संपला नव्हता. मला चक्क राग आला. इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?

"तू शाळाभर सांगून ठेवलेलंस. ते म्हणाले, राहू दे, पोर खुश आहे."

मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "अन् सगळं सायकलनं आले असते तर येऊन झोपलेच असते की. मग तुम्हा दोघींना बन्नीमंटपाच्या मैदानावर कोण नेणार? मी कितीदा म्हटलं, सुम्ने, गपचूप बसनंच या. तर म्हणायचे, वीस मला आवडतात, अन् वीस केले की पोरींसाठी पाय उरतात."

बन्नीमंटप... खरंच की! शनिवारी चहा पिऊन झाला की अण्णा आम्हाला सायकलवर बसवून तिकडे न्यायचे. अक्का मागच्या कॅरियरवर, मी पुढे नळीवर. दसऱ्याची मिरवणूक जिथं संपते, त्या मोकळ्या मैदानात ते आम्हाला गोल गोल फिरवायचे, दम लागेपर्यंत गोष्टी सांगायचे. एवढं अंतर कापून आलेल्या माणसाला हे कसं जमतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

"तू येतेस अन् झोपतेस," अम्मा शेंगांकडे बघतच म्हणाली. "चार महिने झाले, रविवारी घरात कुणी बोललं नाही माझ्याशी."

तिच्या शेजारी बसून थोडा वेळ शेंगा सोलल्या. रडूही आलं, खोटं कशाला सांगू...

साडेपाचला ऑलिम्पिक काढून स्प्रिंट भरलं. ग्रुपवर पोरांनी लगेच विचारलं, मॅडम, डिमोशन? म्हटलं, हो, आनंदानं.

अण्णा, मी तुम्हाला चाळीस किलोमीटरसाठी मोठं मानत होते. घरी येताना तुम्ही मुद्दाम थोडे आमच्यासाठी उरायचात, हे कळायला सत्तेचाळीस वर्षं लागली... थँक्यू.