आधी कळवून कुरुंदवाड, न कळवता कबनूर

श्रुतीची आत्या परदेशातून येणार आणि दोन दिवस जिल्ह्यात फिरायला तिला गाडी हवी, हे कळल्यावर मी दुसऱ्या कुणाला फोन लावूच दिला नाही. गाडी माझी, ड्रायव्हर मी. श्रुतीच्या घरात आत्याच्या शब्दाला वजन आहे, आणि तिच्या पप्पांच्या लेखी मी म्हणजे कॉलेज अर्धवट सोडलेला, कुणाशीही भांडणारा पोरगा. आत्यानं एक चांगला शब्द टाकला की आमचं जमलंच.

सकाळी राजारामपुरीतून निघालो. दार उघडून म्हणालो, "बसा आत्या."

"मॅडम म्हण. अजून काही ठरलेलं नाही."

म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं!

तुम्हीही या बाजूला जाणार असाल तर मिसळ खाऊनच निघा, दोघांचं अडीचशेच्या आत भागतं. मॅडमनी रस्सा दोनदा मागून घेतला. पुढं हातकणंगले, इचलकरंजी, मग कुरुंदवाड. रस्ता चांगला आहे, पण हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न वाजवू नका. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात असतात की त्याला तुम्ही जिवंत आहात हेही कळत नाही.

अशाच एका ट्रॉलीमागे मी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की करता काय?"

"गरीब देशांत दवाखान्यांना संगणक देतात, ॲप देतात. ते आल्यावर तिथली माणसं काम कसं करतात, ते बघते."

"नुसतं बघायचा पगार देतात?"

"देतात की."

मोझांबिक, इथिओपिया, व्हिएतनाम अशी सगळी नोकरी बाहेर झाली, पण बाईंचा 'की' काही सुटला नव्हता.

कुरुंदवाडच्या अलीकडं एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात पोचलो, तर दारात रांगोळी. हार, श्रीफळ, पेढे. आशाताई इस्त्रीच्या साड्यांत ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात चार्ज केलेला मोबाईल.

"ॲप कसं चालतं?" मॅडमनी विचारलं.

"एकदम मस्त!"

"काही अडचण?"

"कायबी न्हाय."

"नेट मिळतं?"

"पळतंय की!"

माझ्या मोबाईलला तिथं एक कांडीही रेंज नव्हती. मॅडमनी हसून चहा घेतला, आभार मानले आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "यांना कोणी कळवलं?"

"मीच. काल फोन केलता. पावणं येणार म्हटल्यावर तयारी नको?"

"माझा दिवस वाया गेला, संग्राम. मला त्यांचा रोजचा दिवस बघायचा होता."

माझं डोकं सटकलं. गाडी कडेला घेतली. "न सांगता कुणाच्या दारात जायची आमच्यात पद्धत न्हाय! तुमच्या देशात असंल."

"माझा देश? मी राजारामपुरीत जन्मले बाळा. ओरडू नकोस, गाडी घाटावर घे."

नदीकाठी बसून आम्ही कवठाची बर्फी खाल्ली. मी रागानं जरा जास्तच खाल्ली. मॅडमनी मोझांबिकची गोष्ट सांगितली. एका दवाखान्यात त्यांचं असंच स्वागत झालं होतं, संगणक झकास चालू होता. दुसऱ्या दिवशी विसरलेली छत्री आणायला परत गेल्या, तर वीजच नाही. आदल्या दिवशीचा जनरेटर शेजारच्या लग्नातून मागून आणलेला! "तेव्हापासून मी कुठंच आधी कळवत नाही," त्या म्हणाल्या.

"मी तुमच्यासाठीच केलं हो."

"श्रुतीसाठी केलंस," त्या म्हणाल्या. मी आणखी एक बर्फी उचलली.

दुसऱ्या दिवशी कबनूर. कुणालाही फोन नाही. गाडी बाहेरच लावा, गल्ल्यांत वळत नाही. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा असा खडखडाट की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. मला ते जड गेलं नाही.

एका गल्लीत तिथल्या आशाताई भेटल्या, नाव नंदाताई. "कोण तुम्ही? सर्व्हे हाय का? आत्ता वेळ न्हाय, मागनं चालत या."

चाललो. मागावरची माणसं काम बदललं की खोली बदलतात. एका दाराशी नंदाताईंनी मोबाईल आमच्यापुढं धरला. "ह्यात ही बाई अजून मागल्या गल्लीत राहती. पत्ता बदलायला वरच्या ऑफिसची परवानगी लागती. बाईला आठवा लागलाय. परवानगी येस्तवर बाळ थांबतंय व्हय?"

"मग काय करता?"

"शिव्या देती. मग चालत येती." आणि मग त्यांनी मॅडमनाच धरलं, "तुम्ही लिवणार, जाणार. फुडं काय हुतंय?"

"कधी होतं, कधी नाही. एका देशात झालं. पत्ता बदलायचं नर्सच्याच हातात दिलं."

"मग हितंबी सांगा की! जोरात सांगा. हळू सांगून हितं कोण ऐकतंय?"

मॅडम एवढ्या खुशीत दोन दिवसांत दिसल्या नव्हत्या.

परतताना मी सरळच विचारलं, "पप्पांना माझ्याबद्दल सांगाल ना?"

"नाही. मी सांगितलं तर चांगलंच सांगेन, आणि त्याचा विश्वास बसणार नाही. तू सांग."

भडकलो. पण राजारामपुरीत गाडी लावली आणि त्याच तावात जिना चढलो. श्रुतीचे पप्पा दारातच होते. उभ्या उभ्या सांगितलं: दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं, परत जाणार नाही, गाडी चालवतो, डोकं लवकर तापतं, आणि श्रुतीशी लग्न करायचं आहे.

"हे सगळं श्रुतीनं सांगितलंय," ते म्हणाले. "नवीन काय?"

"काय न्हाय."

"मग आलास कशाला?"

"माझ्या तोंडून सांगायला."

"तेच बघत होतो, येतोस का. रविवारी आईवडलांना घेऊन ये. होकार समजू नकोस."

"न्हाय समजत," म्हणालो. समजलोच होतो.

घरी आईनं विचारलं, कुठं फिरलास? कुरुंदवाड, कबनूर. "एवढ्याला दोन दिवस?" खरं आहे, नकाशावर हा प्रवास बोटभर आहे. पण त्यातल्या शेवटच्या दारात मी न कळवता, स्वतः गेलो. रविवारचं सांगितलं, तशी आई उठली आणि कपाटातली ठेवणीतली साडी शोधायला लागली.